नॉर्मलचा हट्ट

सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या म्हणून तिला दवाखान्यात आणलं. ती कॉटवर दातओठ आवळून पडली होती आणि नवरा खुर्चीत पाय पसरून डॉक्टरबाईंना अक्कल शिकवत होता.

"पहिल्या खेपेला सिझेरियन केलं, त्याची ही फळं. आजकालच्या बायकांना जरा म्हणून सोसवत नाही. आमच्या आईनं चार पोरं घरात जन्माला घातली, हूं की चूं केलं नाही."

तिच्या पोटावरचा हात न काढता बाईंनी विचारलं, "ते सिझेरियन कधी केलं? कळा सुरू झाल्यावर लगेच?"

"छे! मी इतक्या सहज ऐकतोय होय? ही रडून गयावया करत होती, डॉक्टर मागे लागले होते, तरी नॉर्मलच हवं म्हणून मी अडून बसलो. बाळाचं डोकं पार खाली येऊन अडकलं, तेव्हा कुठे हो म्हटलं."

"इतक्या उशिरा कापावं लागलं की गर्भाशयाचं तोंड दुखावू शकतं. मग पुढचं बाळ वेळेआधी येण्याचा धोका वाढतो. वेळेवर केलं असतं, तर एवढा धोका नव्हता."

नवरा बायकोवर डाफरला, "मग तेव्हा मला नीट समजावून सांगायला काय झालं होतं तुला?"

तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाई, आता काय करायचं ते मला विचारा. यांना बाहेर बसवा. नुसती वाट बघायचं काम यांना छान जमतं."