बंदराचं पान

"फोटो कुठाय पन?" चिमाकाकूंनी विचारलं.

निशिगंधा त्यांना 'गोटी'चा नवा अंक वाचून दाखवत होती. झेरॉक्स काढून, पिना मारून ती तो दर महिन्याला हौसेने काढायची. रत्नागिरी-पावसकडच्या मूठभर पिनबॉलवेड्यांचा, काचेखालची गोटी कळ दाबून उडवत ठेवणाऱ्यांचा अंक. कुणी किती गुण केले, यंत्राची कुठली कळ अडकली, कुणाचं बोट सुजलं. फोटोशिवाय गुण छापायचे नाहीत, हा नियम. त्यामुळे अंकात आलं म्हणजे खरंच, असं सगळे धरून चालत.

काकूंना मात्र एकाच पानाशी मतलब. बंदराचं पान. त्यांचा स्वरूप बोटीवर होता. बंदर लागलं की तो पिनबॉल शोधून काढायचा, खेळायचा आणि गुण निशिगंधाला कळवायचा.

"बोटीवर रेंज नसते ना काकू. फोटो मागून येईल."

तिथंच पडवीत पिनबॉलच्या यंत्रावर खेळणाऱ्या सर्वेशचा हात थबकला. गोटी तिला उडवणाऱ्या दोन्ही फ्लिपरांच्या मधून घरंगळत खाली गेली.

"घालवलीस?" काकू हसल्या. "माझा झिल असता तर हात न्हायतर पाय लावून अडवली असती."

सर्वेश हसला नाही. त्याने निशिगंधाकडे पाहिलं. ती पान उलटत होती.

हे यंत्र काकूंच्या नवऱ्याचं, रावजींचं. मुंबईत खलाशांचा एक क्लब मोडला तेव्हा टेम्पोत घालून त्यांनी ते पूर्णगडला आणलं. पुढे रावजी समुद्रावरच गेले. यंत्र राहिलं. आता आतल्या वायरी बोट लावलं तरी तुटत. जागचं हलवलं की संपलं, हे सगळ्या मंडळींना ठाऊक होतं. जवळपास दुसरं नव्हतंच. दर रविवारी पडवीत माणसं जमायची, खणखणाट व्हायचा, काकू सगळ्यांना कोरा चहा द्यायच्या.

"कुठल्या बंदरात हाय म्हनालीस?"

"सँटोस. ब्राझील." निशिगंधाने नाव सांगायला किंचित वेळ घेतला.

"लांब हाय?"

"खूप."

काकूंनी पदराने यंत्राची काच पुसली. पुसता पुसता गुणगुणल्या,

"दर्या रे बापा, तुझी किती रे खारी ओटी,
घरधनी ठेव तुला, लेक धाड माझ्या भेटी."

मग एकदम थांबल्या. "मी बोलून गेले गो बाय. बापाच्या वाटेनं जानार असशील तर तोंड दाखवू नको, असं बोलले. पोरगा ताटावरनं उठून गेला. तेव्हापास्नं फोन नाय का काय नाय. तुझ्या कागदावर येतो तेवढाच."

निशिगंधाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"त्याला कळव. आई रागावलेली नाय म्हनावं. गनपतीला ये. बोट सोड, न्हाय सोड, पन एकदा ये."

"कळवते काकू."

"आला की या पडवीची खोली करनार मी. भिंत घालून, लादी बसवून. त्याचं लगीन करनार. ही पेटी मग तुम्ही न्या तुमची."

"नेऊ कुठे काकू?" सर्वेश म्हणाला. "ती हलवली की..."

"तर तर! मेलेल्या मानसाची वस्तू जित्याच्या वाटेत किती दिवस ठेवायची? तो येईस्तोवर खेळा. काय?"

निशिगंधाने काकूंच्या सांध्यांच्या गोळ्या डब्यात भरल्या, अंक देवाच्या फळीवर ठेवला, वाकून नमस्कार केला. काकूंनी तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

बाहेर गाडीशी सर्वेशने तिला गाठलं. "फोटोचं काय करायचं? किती दिवस असं चालायचं?"

"नेटवरून घे एक. चालेल तितके दिवस चालेल."

"मला झोप लागत नाही गं."

"मग त्यांना सांग जा खरं. आत्ता. मी थांबते."

सर्वेश बुटाने जांभ्याची तांबडी माती उकरत राहिला. मग पडवीत परत गेला. थोड्या वेळाने गोटीचा खणखणाट सुरू झाला.

निशिगंधा रत्नागिरीला थांबली नाही. गाडी तशीच हातखंब्यापर्यंत नेली. हायवेवरच्या एका हॉटेलात मागच्या बाजूला, भटारखान्याच्या दाराजवळच्या बाकावर बसली. एप्रन बांधलेला एक दाढीवाला तरुण हात पुसत बाहेर आला. तिच्यासमोर चहा ठेवला आणि उभाच राहिला.

"बोटीवरनं उतरल्यापासून दोनदा निघालो होतो ताई," तो म्हणाला. "पावसपर्यंत गेलो नि मागे फिरलो. तू बोललीस आईशी? गणपतीला येऊ ना मी?"

निशिगंधाने चहाचा एक घोट घेतला.

"नको रे, स्वरूप," ती म्हणाली. "तुझं नाव काढलं तरी अजून दार लावून घेतात."