प्रवासाचं कारण

व्हिसाच्या कचेरीतून तिसऱ्यांदाही फोटो परत आला. कान दिसत नाहीत, म्हणे.

"आई, केस मागे घ्या म्हणून सांगितलं होतं ना फोटोवाल्यानं?" सून म्हणाली.

"घेतले होते. आले पुढे."

सुनेने कपाळाला हात लावला. ती शाळेत गणित शिकवायची. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मारलेली ही तिची चौथी खेप. सासूबाईंचं पासपोर्टवर नाव एक, बँकेच्या पुस्तकात दुसरं. ही दोन नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र करून घेताना तिच्या नाकी नऊ आले होते. तिकडचे पैसे बदलून आणले, तर सासूबाईंनी ते इतके जपून ठेवले की दोन दिवस त्यांनाच सापडेनात. शेवटी निघाले रजईच्या खोळीतून.

"मी नाही गेले तर नाही का चालणार? गुडघे धड नाहीत माझे."

"तिकीट काढलंय. आणि तुम्ही गेला नाहीत तर लोक म्हणतील, सुनेनंच अडवलं."

"मग तूही चल."

"मला रजा नाही."

त्यात सासूबाईंच्या परदेशातल्या मुलाचं निमंत्रणपत्र. पहिल्यात तारीख नव्हती, दुसऱ्यात सही नव्हती.

"फोन तुम्हीच लावा त्याला," सून म्हणाली. "माझा आवाज चढतो."

सासूबाईंनी लावला. पलीकडचं बराच वेळ ऐकून घेतलं आणि ठेवला.

"गडबडीत राहून गेलं म्हणतो. उद्या पाठवतो."

"जन्मात एकाच कागदावर वेळेत सही केली त्यानं," सून म्हणाली आणि फाइलची नाडी करकचून बांधली.

सासूबाई चष्मा पुसत बसल्या. काच स्वच्छच होती.

सोमवारी एकदाचा नंबर लागला. खिडकीतल्या कारकुनाने फोटो पाहिला, कान मोजल्यासारखे पाहिले आणि मान डोलावली. प्रतिज्ञापत्र चाललं. निमंत्रणपत्र चाललं. सुनेने श्वास सोडला, तेवढ्यात त्याचं बोट अर्जाच्या मधल्या ओळीवर थांबलं.

"हे रिकामंच आहे. प्रवासाचं कारण."

सुनेने वळून पाहिलं. "आई, एवढी एकच ओळ तुमच्यावर सोडली होती."

"बसले होते गं लिहायला," सासूबाई खाली बघत म्हणाल्या. "हातच वळेना."

मागच्या रांगेत कुणीतरी घसा खाकरला. सुनेने अर्ज ओढून घेतला, पेनचं टोपण दातांनी काढलं आणि वळणदार अक्षरात दोन शब्द लिहिले: मुलाचं लग्न.

"अरे वा," कारकून म्हणाला. "कितवा मुलगा?"

"एकुलता एक," सून म्हणाली आणि पेन सासूबाईंच्या हातात दिलं. "इथे सही करा, आई."