सरावाची डबी

माझ्या लेकीच्या, हिल्माच्या रक्तातली साखर उतरली की तिचा घाम मी कापसावर टिपायचे. कापसाची ती डबी फ्रीजरमध्ये, रानबेरीच्या पिशव्यांमागे असायची. प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणलेल्या आमच्या कुत्र्याला, तुर्रेला, त्याच वासावर शिकवत होतो. वास आला की त्यानं हिल्माला पंजा मारायचा, मग त्याला सॅमन माशाचा तुकडा.

पण हिल्मा लबाड. कुत्र्याला जास्तीचा खाऊ मिळावा म्हणून डबी गुपचूप खिशात ठेवायची, आणि त्यानं पंजा मारला की डोळे मिटून बेशुद्ध पडल्याचं सोंग करायची.

शनिवारी दुपारी सौनाच्या गरम वाफेत बसून आल्यावर ती सोफ्यावर आडवी झाली. तुर्रे तिला पंजे मारत सुटला, मग येऊन माझा स्कर्ट ओढायला लागला.

"पुरे झाली गं दोघांची नाटकं. आधी ती डबी जागेवर ठेव," मी स्वयंपाकघरातूनच म्हटलं, आणि तुर्रेला अंगणात काढून दार लावून घेतलं.

पुढच्या आठवड्यात, हिल्माच्या अंत्यविधीला येणाऱ्यांसाठी केक करायचा म्हणून मी बेरीची पिशवी काढली.

मागे डबी जागेवरच होती, बर्फानं तळाला घट्ट चिकटलेली.