रक्ताच्या माणसांची रँच

मोंटानात पणजोबांनी गुरं पाळायला वसवलेल्या रँचच्या वाटण्या झाल्या आणि लायलने आपला वाटा लगेच रिसॉर्टवाल्यांना विकून टाकला. त्यांनी आईची कबर उकरून तिथं गोल्फचं मैदान केलं. लायलने हूं की चूं केलं नाही. त्या दिवसापासून ऑगस्टाने भावाचं तोंड पाहिलं नव्हतं.

उरलेला वाटा तिने एकटीने सांभाळला. म्हातारपणी ती अंथरुणाला खिळली, तसा लायल दोन्ही मुलांना घेऊन हजर झाला.

"झालं गेलं विसर गं. तुला ना मूल ना बाळ. रँच रक्ताच्या माणसांकडेच राहू दे की."

"तुझ्या मुलांच्याच नावावर केलीय. सगळीच्या सगळी."

लायलला बहिणीचा हात धरून रडूच फुटलं. थोरला मात्र खिडकीशी जाऊन म्हणाला, "बाबा, त्या टेकडीवर हॉटेल काय झकास दिसेल!"

"टेकडीला हात लावायचा नाही, पोरा," ऑगस्टा हसली. "रँच ऐतिहासिक वारसा म्हणून कायमची राखीव करून घेतलीय मी. तुकडे पाडायचे नाहीत, नवं काही बांधायचं नाही."

तिने लायलच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.



"आता पिढ्यान्‌पिढ्या गुरं वळा."