पावणेसातची रेघ

आजही यंत्रात पावणेसातची नोंद होती. सहा श्वास. साही रेघा तिरक्या.

संशोधक बाईंच्या कपाळावर आठी उमटली. गिनीपिगच्या तोंडाला छोटा मुखवटा लावायचा आणि त्याने सोडलेला कार्बन डायऑक्साइड मोजायचा, एवढंच त्या यंत्राचं काम. श्वासनळी मोकळी असली की रेघ भिंतीसारखी ताठ उठते. आवळलेली असली की टेकाडासारखी तिरकी चढते. बाईंच्या नव्या औषधाने ती ताठ व्हायला हवी होती. पण प्रयोगशाळा उघडायची नऊला. त्याआधी जनावरांना हात कोण लावतंय?

सकाळची किल्ली एकाकडेच असायची. पिंजरे झाडणाऱ्या मामांकडे. एकोणीस वर्षांची नोकरी, तोंडात साखर. एरवी बोलायला लागले की थांबायचे नाहीत. हल्ली मात्र बाई दिसल्या की दोन शब्दांत आटपायचे. जिना टाळून मागच्या उताराने निघून जायचे. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. यांना कोणीतरी फितवलंय! श्वासनळी आवळणारं औषध आधीच टोचून प्रयोगाची माती करायची, हाच डाव. ते श्वास गिनीपिगच्या मानाने फारच संथ होते. तेही बाईंनी कसल्याशा गुंगीच्या औषधावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी साडेसहालाच त्या येऊन कपाटाआड उभ्या राहिल्या.

मामा आले. एकाही पिंजऱ्याला त्यांनी हात लावला नाही. यंत्र सुरू केलं, मुखवटा काढला, त्यामागची यंत्राची नळी पुसली आणि स्वतःच्या तोंडात धरली.

"मामा!"

नळी हातातून सुटली. मामा टेबलाला धरून उभे राहिले. त्यांच्या छातीतली शिट्टी बाईंना कपाटापाशी ऐकू आली.

"कोणाच्या सांगण्यावरून चाललंय हे?"

"कोणाच्याच नाही, मॅडम." मामांनी दम खाल्ला. "दोन महिने झाले. पिंजऱ्यातला भुसा उडाला की छाती आवळते. डॉक्टर म्हणणार, हे काम सोडा. तुम्हाला तोंडाने सांगायचा धीर होईना. पण तुम्ही नुसती रेघ बघून आजारी जनावर ओळखता. म्हणून रोज माझी रेघ ठेवून जात होतो."

बाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"पंधरा दिवस झाले," मामा ओशाळं हसले, "तुम्ही काहीच बोलला नाहीत. म्हटलं, म्हणजे मी बराच असणार."