आयते वीर

पंचांनी चषक पुढे केला, तरी कुसरवाडीचा कप्तान रखमाजी हात लावीना.

"घ्या की. समोरचा संघ वेळेत आला नाही. नियमाने तुम्हीच जिंकलात."

१९३२ सालच्या त्या जिल्हा हुतूतू स्पर्धेत कुसरवाडी एकही सामना न खेळता अंतिम फेरीत पोचली होती. एक संघ पुरात अडकला, दुसरा साथीमुळे आलाच नाही. गावोगावचे लोक त्यांना 'आयते वीर' म्हणून हसत.

"जरा वाट बघूया, साहेब," रखमाजी म्हणाला.

दिवस कलताना समोरचे आले; त्यांची मोटार घाटात बंद पडली होती. सामना झाला आणि कुसरवाडी सपाटून हरली.

घरी बायकोने त्याच्या फुटलेल्या गुडघ्याकडे पाहिलं. "हरलासा व्हय?"

"हरलो," तो हसत म्हणाला. "बस हितं. कसं हरलो ते सांगतो."