विहिरीतले भाडेकरू

बसवनगुडीत भाड्याचं घर बघायला गेलेल्या नयनाला मागची विहीर दिसली. वर शेवाळाची गोधडी आणि तिच्यावर डासांचं संमेलन.

"अण्णा, हिच्यात चिलापी मासे सोडा. शेवाळ, डासांच्या अळ्या, सगळं फस्त करतात. आणि पोसले की सरळ तव्यावर."

तवा ऐकताच घरमालक नंदकिशोरअण्णांचं तोंड आंबट झालं. घरात मासे शिजता कामा नयेत, ही त्यांची एकच अट होती. त्यांनी नयनाला वाटेला लावलं, सल्ला मात्र ठेवून घेतला.

वर्षभराने के. आर. पुरमच्या खोलीत तिचा फोन वाजला.

"नयनाक्का, डास गेले, शेवाळही गेलं. आता बादली सोडली की पाण्याआधी मासेच वर येतात. घर रिकामंच आहे, स्वल्प लवकर या."

"आणि अट?"

 

"एकच. घरात रोज मासे शिजले पाहिजेत."